पाचचा वर्ग सात

परवा भाच्याशी फोनवर पुन्हा तोच वाद झाला. वाद जुनाच आहे, आमच्या घरच्यांना आता तोंडपाठ झालाय. भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. त्याचं म्हणणं, "आत्या, आजच्या मुलांना पहिल्या दिवसापासून पायथॉनच द्यायचं. बीजगणित करायचं असेल तर त्यातच सिमपाय आहे. एकच गोष्ट शिका, जन्मभर पुरेल." माझं म्हणणं, नवशिक्याच्या हातात पहिल्या दिवशी काय द्यायचं हे जन्मभर काय पुरेल यावरून ठरत नाही. लहानपणी आम्हाला विहिरीत पोहायला शिकवलं तेव्हा पाठीला पत्र्याचा डबा बांधला होता. मोठेपणी कोणी डबा बांधून पोहत नाही. म्हणून डबा बांधणारे काका चुकले असं कोणी म्हणत नाही.

एवढ्यावर त्याला मीटिंग आली. त्याची मीटिंग नेहमी माझ्या मुद्द्याच्या वेळेलाच येते. म्हणून म्हटलं, आज सगळं सविस्तर लिहूनच काढावं. इथे येणाऱ्यांपैकी निम्मे जण याच धंद्यातले आहात आणि उरलेले नातेवाईक. दोघांनीही रागावू नये.

आधी माझी पात्रता सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. बी.ए. केलं ते मराठी माध्यमातून, अर्थशास्त्र घेऊन. मग बी.एड. शाळेत लागले ती मराठी आणि इतिहास शिकवायला. पुढे गणिताच्या सरांची बदली झाली, त्यांच्या जागी कोणी येईना, तेव्हा हेडसर म्हणाले, "बाई, तुमचं अर्थशास्त्र होतं ना? मग आकडेमोड येतच असेल." आणि सातवी-आठवीचं गणित माझ्या गळ्यात पडलं. ते निवृत्त होईपर्यंत गळ्यातच राहिलं. तेव्हा मी काही गणितातली पंडित नव्हे. पण मुलं नेमकी कुठे अडखळतात हे मला चांगलं कळतं, कारण पहिली दोन वर्षं मीही तिथेच अडखळत होते.

शाळेत संगणक आला नव्वदच्या दशकात. दोन नग. खोलीला जाड पडदे, दाराबाहेर चपलांची रांग, यंत्रांवर प्लॅस्टिकची आवरणं आणि किल्ली हेडसरांच्या खिशात. आठवड्यातून एक तास मुलांना आत सोडायचे. त्यात लोगो नावाची एक भाषा होती. पडद्यावर एक कासव असतं, म्हणजे खरं तर छोटा त्रिकोणच असतो, पण म्हणायचं कासव. त्याला सांगायचं, शंभर पावलं पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ. सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये अमेरिकेत मुलांसाठी म्हणूनच ही भाषा तयार केली होती, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मला ते खेळणं वाटलं होतं.

एकदा मुलांना म्हटलं, समभुज त्रिकोण काढा. सगळ्यांनी काय केलं असेल? शंभर पुढे, साठ अंश वळ, असं तीनदा. त्रिकोणाचा कोन साठचा, हे मीच तर घोकून घेतलं होतं! कासव निघालं ते भलतीकडेच. त्रिकोण मिटलाच नाही, षटकोनाच्या तीन बाजू काढून कासव थांबलं. कोणी मला विचारायला आलं नाही. एक मुलगा उठला, फरशीवर स्वतःच चालू लागला, कोपऱ्यावर येऊन वळला आणि ओरडला, "अरे, आपण बाहेरच्या कोनातून वळतोय!" साठ नाही, एकशेवीस. बाह्यकोन हा शब्द मी त्या वर्गाला वर्षभर सांगत होते. तो त्या दिवशी कासवाने शिकवला.

हे मुद्दाम एवढं लांबवलं, कारण माझ्या सगळ्या म्हणण्याचं मूळ तिथे आहे. चूक झाली, ती चूक आहे हे मुलाला स्वतःला दिसलं आणि कुठे झाली तेही शोधता आलं. यंत्राने त्याला लाजवलं नाही आणि फसवलंही नाही.

आता खरी गोष्ट. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींची मुलगी २०२२ साली दहावी झाली. मराठी माध्यम, गणितात उत्तम मार्क. अकरावीला सायन्स घेतलं आणि एकदम सगळं इंग्रजीत आलं. पोर हुशार, पण वर्गात तोंड उघडेना. संध्याकाळी माझ्याकडे यायला लागली. मला अकरावीचं गणित कुठलं यायला? आम्ही दोघी मिळून पुस्तक उघडून बसायचो, एवढंच. भाच्याने त्याचा जुना लॅपटॉप दिला, चार जीबीवाला, आणि मोठ्या उत्साहाने त्यात पायथॉन घालून दिलं. शिवाय त्याच्या ऑफिसात वापरतात तसलं एक भलंमोठं एडिटर. ते उघडायला इतका वेळ लागायचा की मावशींची कणीक मळून व्हायची.

पहिल्याच आठवड्यात तिने वहीतलं समीकरण तसंच्या तसं टाईप केलं. २क्ष + ३. (यंत्रात अर्थातच इंग्रजी एक्स. पण आम्ही बीजगणित क्ष आणि य वर शिकलो, मी इथे क्षच लिहिणार.) यंत्र म्हणालं, "इनव्हॅलिड डेसिमल लिटरल." ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, यात दशांश चिन्ह कुठंय?" मी चष्मा लावून शोधलं. नव्हतंच. रात्री भाच्याला फोन केला तेव्हा उलगडा झाला. दोन आणि क्ष यांच्या मध्ये गुणाकाराची फुली हवी होती, ती नाही म्हणून यंत्राला वाटलं की हा कसलासा चुकीचा लिहिलेला आकडा आहे. ठीक आहे. हे चालण्यासारखं होतं. चूक झाली हे निदान कळलं तरी.

खरा घात झाला तो पुढच्या आठवड्यात. वर्ग, घन वगैरे करून बघत होती. पुस्तकात घातांक वर लिहितात, कीबोर्डवर वर कसं लिहायचं, म्हणून तिच्या कॅल्क्युलेटरवर आणि सगळीकडे असते ती टोपी वापरली, ^ ही. ५^२. उत्तर आलं ७.

सात! चूक दाखवली नाही, लाल अक्षरं नाहीत, काही नाही. शांतपणे सात. तिने ३^२ केलं. उत्तर १. दहाचा वर्ग केला. उत्तर ८.

मी त्या वेळी स्वयंपाकघरात होते. बाहेर येऊन बघते तर तिने वहीत ५ चा वर्ग २५ असं लिहिलं होतं आणि त्या पंचविसापुढे पेनाने एक लहानसं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

मंडळी, ते प्रश्नचिन्ह माझ्या डोळ्यासमोरून अजून जात नाही. पाचचा वर्ग पंचवीस हे ज्या मुलीला तिसरी-चौथीपासून येतं, तिला यंत्राने सात म्हटल्यावर शंका स्वतःची आली, यंत्राची नाही. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात रोज जे होत होतं तेच माझ्या ओसरीवर झालं. सगळ्यांना कळतंय, आपल्यालाच कळत नाही. पुढे दहा-बारा दिवस ती आली नाही. मावशी म्हणाल्या, अभ्यास फार आहे. मला काय ते कळलं.

भाच्याला विचारलं तर हसला. "आत्या, ती टोपी पायथॉनमध्ये घातासाठी नसते, ते एक्सऑर आहे. घातासाठी दोन फुल्या." एक्सऑर म्हणजे काय ते त्याने सांगितलं. पाच म्हणजे द्विमान पद्धतीत १०१, दोन म्हणजे ०१०, जिथे दोन्ही अंक वेगळे तिथे १ लिहायचा, झाले १११, म्हणजे सात. सी भाषेत टोपीचा हा अर्थ होता, तिथून तो पायथॉनमध्ये आला. दोन फुल्यांची चाल फॉरट्रानच्या काळापासूनची. सगळं बरोबर आहे, तक्रार नाही. ज्याने ही भाषा केली त्या गिडो व्हान रॉसमवर माझा राग नाही. १९९१ साली ती जगासमोर ठेवताना त्याच्या डोळ्यासमोर साताऱ्यातली अकरावीतली मुलगी नसणारच. राग होता माझ्यावर आणि थोडा भाच्यावर. निवड आम्ही केली होती.

आणि "=" चं काय? भाच्याने पाठवलेल्या टिपणात तिसऱ्याच ओळीला क्ष = क्ष + १ असं होतं. पहिल्या दिवसात ती मला म्हणाली होती, "बाई, हे समीकरण खोटं आहे. दोन्हीकडचा क्ष गेला की शून्य बरोबर एक येतं." मला इतका आनंद झाला होता! प्रोग्रामवाल्यांना यात काही वाटत नाही, त्यांच्या मते ते समीकरण नाहीच, डाव्या डब्यात उजवीकडची किंमत ठेवा अशी आज्ञा आहे. पण पाच वर्षं आम्ही मुलांना हेच घोकवतो की बरोबरचं चिन्ह म्हणजे तराजू. मग एका संध्याकाळी तोच तराजू डबा होतो. प्रोग्रामिंग शिकताना हे कधीतरी समजून घ्यावंच लागतं. पण जिला बीजगणित पक्कं करायचंय तिला त्याच दिवशी, त्याच पडद्यावर, दोन्ही अर्थ कशाला?

मॅक्झिमाची ओळख झाली ती अशीच, उसनवारीने. समोरच्या वाड्यातली एक मुलगी बी.एस्सी. करत होती, तिच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये त्याचे प्रिंटआऊट चिकटवलेले होते. ती म्हणाली, फुकट आहे, लहान आहे, नेट लागत नाही. वर डब्ल्यूएक्स-मॅक्झिमा नावाचा खिडकीवाला भाग बसवला की मेनूतून निवडता येतं, आणि मेनूतून जे निवडाल त्याची आज्ञा कागदावर लिहून दिसते. हे मला फार आवडलं. नुसतं उत्तर देत नाही, काय सांगितलं तर हे उत्तर आलं तेही दाखवतं. पहिल्या दिवशी मात्र मी एंटर मारत बसले आणि काहीच होईना. शिफ्ट धरून एंटर मारायचा असतो, हे कळेपर्यंत चहा गार झाला.

तिला बोलावून आणलं. काही बोलले नाही, नुसतं म्हटलं, ५^२ कर. पंचवीस आले. मग १/३ + १/६ कर म्हटलं. उत्तर १/२. अर्धा! शून्य पॉइंट पाच नाही, अर्धा. अपूर्णांक शिकवण्यात माझी हयात गेली हो, मला भरून आलं. पायथॉनमध्ये १/३ म्हटलं की त्याचे लगेच तीन-तीन-तीन होतात. सिमपाय जोडलं तरी, आधी पायथॉनच तो भागाकार उरकून टाकतं, अपूर्णांक हवा असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं.

आणि मग ते झालं, ज्याच्यासाठी हा सगळा लेख लिहिते आहे. मॅक्झिमात "=" म्हणजे समीकरणच. किंमत ठेवायची असेल तर विसर्गासारखं ":" चिन्ह आहे, डबा वेगळा आणि तराजू वेगळा. तिने २क्ष + ३ = ११ लिहिलं (मधल्या फुलीसकट, ती इथेही लागतेच). यंत्राने तसंच परत दाखवलं. मी म्हटलं, आता या सबंध समीकरणातून ३ वजा कर. केलं. पडद्यावर आलं २क्ष = ८. दोन्ही बाजूंतून गेले! मग दोनने भाग. क्ष = ४. एक पायरी, मग दुसरी पायरी, जशी वहीत लिहितो तशी. "सोडव" म्हणून एक आज्ञा आहे, ती दिली की एका दमात उत्तर येतं, पण तिने ती दिलीच नाही. तिने मुद्दाम ३ ऐवजी ५ वजा करून बघितलं. आलं २क्ष − २ = ६. "बाई, चुकलं नाही, पण उपयोग नाही झाला," म्हणाली. चूक आणि निरुपयोगी पायरी यातला फरक मला मुलांना शब्दांत कधी सांगता आला नव्हता.

सिमपायमध्ये समीकरणातून असं सरळ तीन वजा करता येत नाही, ते हरकत घेतं. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "पण असं कोण करतं?" मी म्हटलं, आठवीतला प्रत्येक जण.

आता मॅक्झिमाचं नुसतं कौतुक करत नाही. दिसायला ते जुनाट आहे. चूक झाली की त्याचे निरोपही इंग्रजीत आणि तुटक असतात. मधली फुली राहिली तर म्हणतं, एक्स हा इन्फिक्स ऑपरेटर नाही. त्यातून कोणाला काय कळणार? एकदा तिने ८ चं वर्गमूळ विचारलं. वहीत होतं २√२. पडद्यावर आलं २ चा ३/२ वा घात. ती पुन्हा दचकली, पण या वेळी प्रश्नचिन्ह काढलं नाही, "हे दोन्ही एकच आहे का बघू" म्हणाली आणि घातांकाचे नियम काढून बसली. अर्धा तास गेला. गेला तर गेला. आणि क्ष च्या वर्गाचं वर्गमूळ? तिने लिहिलं क्ष. मॅक्झिमाने लिहिलं |क्ष|. क्ष ऋण असला तर? हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. सिमपाय तर त्याहून कडक, क्ष ही वास्तव संख्या आहे असं सांगितल्याशिवाय ते मूळ काढतच नाही, तसंच ठेवतं, कारण त्याच्या मते क्ष संमिश्रही असू शकतो. बरोबर त्याचंच आहे. पण इतकं बरोबर पहिल्याच महिन्यात झेपत नाही.

बारावीत संकलन आलं तेव्हाची एक गंमत सांगते. क्ष च्या न-व्या घाताचं संकलन कर म्हटलं तर मॅक्झिमा उत्तर द्यायच्या आधी उलट विचारतं, "न ची किंमत उणे एक आहे का?" आम्ही दोघी हसायलाच लागलो. अगदी फळ्यापाशी उभं करून विचारल्यासारखं! न उणे एक असेल तर नेहमीचा नियम चालत नाही, लॉग येतो. सिमपाय विचारत नाही, दोन्ही शक्यता एकाखाली एक मांडून देतं. प्रौढ माणसाला दुसरी पद्धत बरी वाटेल. शिकणाऱ्याला मात्र थांबवून प्रश्न विचारणारा हवा असतो. (संकलनातला "+ क" मात्र दोघंही लिहीत नाहीत. बोर्डाच्या पेपरात ज्याचा त्याने आठवणीने लिहावा.)

या मॅक्झिमाचा इतिहास वाचला तेव्हा एका माणसाबद्दल फार वाटलं. मूळ प्रोग्राम मॅक्सिमा नावाचाच म्हणावा असा, मॅकसिमा, अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६८ पासून तयार होत गेला. त्याची एक प्रत टेक्सास विद्यापीठातल्या विल्यम शेल्टर या गणिताच्या प्राध्यापकाने १९८२ पासून जपली, दुरुस्त करत राहिला. १९९८ मध्ये त्याने सरकारी खात्याकडून ती सर्वांना खुली करायची परवानगी मिळवली आणि २००१ मध्ये तो गेला. पुढे इतरांनी काम चालू ठेवलं. कोण कुठला माणूस, त्याने वीस वर्षं निगुतीने सांभाळलेली वस्तू आमच्या ओसरीवर चालते आहे.

भाच्याचा मुख्य मुद्दा नोकरीचा. सगळीकडे पायथॉन विचारतात. सीबीएसईच्या अकरावी-बारावीतसुद्धा तेच आहे. मान्य. पण ही पोर सोळा वर्षांची होती आणि नोकरीचा प्रश्न पाच वर्षं लांब होता. गणिताचा प्रश्न उद्या सकाळी वर्गात होता. लॉकडाऊनच्या काळात आठ-दहा वर्षांच्या मुलांना "कोडिंग" शिकवण्याच्या जाहिरातींचा पूर आला होता ते आठवतंय ना? आमच्या नात्यातल्याच एकांनी नातवासाठी बरेच पैसे भरले. नातवाने काय केलं, तर समोरचं बघून टाईप केलं आणि शेवटी प्रमाणपत्र मिळालं. "यातली ही ओळ काढली तर काय होईल रे?" असं मी विचारलं तर म्हणाला, "काढायची नसते."

दुसरा मुद्दा नवा आहे. आता चॅटजीपीटी वगैरे आहे, अडलं की विचारायचं. मी विचारून बघितलं, खोटं कशाला बोलू. पाच टोपी दोन सात का, याचं त्याने उत्तम उत्तर दिलं, भाच्यापेक्षा सोपं करून आणि न हसता. पण ते विचारायला आधी सातवर शंका यायला हवी ना! जिने स्वतःच्या पंचविसावर प्रश्नचिन्ह काढलं ती कोणाला काय विचारणार होती?

पायथॉन मी दारातच अडवलं, असं मात्र समजू नका. बारावीच्या सुट्टीत तिने स्वतःहून मागितलं. त्या वेळी भाच्याचं अवजड एडिटर काढून टाकलं आणि थॉनी घातलं. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच केलेलं आहे, पायथॉन त्याच्या पोटातच येतं, आणि एखादी ओळ कशी सोडवली जाते ते पायरीपायरीने दाखवतं. आधी कंस, मग गुणाकार, मग बेरीज, समोर एकेक तुकड्याची किंमत बदलत जाते. डब्यांची यादी बाजूला दिसते, त्यामुळे क्ष = क्ष + १ म्हणजे काय हे सांगावं लागलं नाही. तिने डब्यातला आकडा बदलताना बघितला आणि "असं होय" म्हणून पुढे गेली. दीड वर्षापूर्वी ज्याने वाट अडवली होती ते दहा मिनिटांत झालं. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलची छोटी छोटी चित्रफीत-टिपणं मराठी आवाजात मिळतात, ती तिने उतरवून घेतली होती. त्यांचा फार उपयोग झाला, कारण घरी नेट म्हणजे मावशींच्या फोनवर असेल तेवढंच.

मग एके दिवशी ती सिमपायपर्यंत पोचली. २००५ मध्ये ओंद्रेय चेर्तिक नावाच्या चेक तरुणाने सुरू केलेलं हे काम, आज जगभरचे लोक त्यात भर घालतात. भाचा म्हणतो तितकं ते चांगलं आहे, हे मी आता लेखी देते. त्यात आधी सांगावं लागतं की अमुक अक्षर हे चिन्ह आहे, मगच ते वापरता येतं. तिने मला हाक मारली, "बाई, हे बघा." चिन्ह म्हणून तिने क्ष दिला होता. मराठी क्ष, आपला! आणि यंत्राने तो घेतला. पायथॉन ३ मध्ये नावं देवनागरीत चालतात, हे तिने स्वतः शोधलं होतं. (क्ष + १) चा वर्ग विस्तारून पडद्यावर क्ष चा वर्ग, अधिक दोन क्ष, अधिक एक. चाळीस-पन्नास वर्षांनी मी छापील क्ष सोडवलेला बघितला. आकडे मात्र प्रोग्रामच्या ओळीत देवनागरी चालत नाहीत, पण प्रोग्राम चालू असताना कोणी १२ असं मराठीत टाईप केलं तर पायथॉन त्याची बरोबर संख्या करतं. म्हणजे अर्धं दार उघडं आहे.

कोणी विचारलंच, की काय घालून देऊ मुलांना, तर मी आज काय सांगते? आलेख आणि भूमिती असेल तर जिओजेब्रा. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियात सुरू केलं, तिथे २क्ष मधली फुलीही लागत नाही. सेज फार मोठं आहे, जुन्या लॅपटॉपला नको, पण त्यात टोपी म्हणजे घात आणि १/२ म्हणजे अर्धा, एवढी समज पायथॉनवरच चढवून दिलेली आहे, आणि नेट चांगलं असेल तर ब्राउझरमध्येच थोडंसं चालवून बघता येतं. पण या सगळ्याआधी मी विचारते, शेजारी कोण बसणार आहे? त्याला जे येतं ते घाला. भाचा रोज संध्याकाळी साताऱ्यात येऊन बसणार असता तर पायथॉनही चाललं असतं कदाचित. तो नव्हता, मी होते.

ती आता कॉलेजात आहे, गणितच घेतलंय. लॅपटॉप तिच्या धाकट्या भावाकडे आला. तो सातवीत आहे. लॅपटॉपची आठची कळ रुसलेली आहे, त्यामुळे गुणाकाराची फुली जोर लावून मारावी लागते. थॉनीमध्ये पायथॉनचं कासव आहे, तेच ते लोगोचं, ते त्याला काढून दिलंय. कालच म्हटलं, समभुज त्रिकोण काढ बघू. त्याने शंभर पुढे घातलं आणि मग वळायला साठ. मी काही बोलले नाही. तो आत्ता ओसरीवर स्वतःभोवती फिरतोय आणि मावशी विचारतायत, याला काय झालं.